रुख्माबाईंचा ओटीपी आणि माझी कयाक

बोडीटोल्याच्या तलावात कयाक चालवणारा मी पहिला माणूस आहे आणि शेवटचाही. पहिला असल्याचा पुरावा माझ्याकडे नाही. शेवटचा असल्याचा आहे. ग्रामपंचायतीच्या ठरावात स्वच्छ लिहिलं आहे की, "असा कोणताही प्रकार मौजा बोडीटोला येथे घडलेला नाही, आणि यापुढे तो पुन्हा घडू नये." ठराव एकमताने मंजूर झाला. त्या एकमतात माझंही मत होतं, कारण तोवर माझे कपडे वाळलेले नव्हते आणि मला घरी जायची घाई होती.

तेव्हा आपण असं धरून चालू की काहीच घडलं नाही. जे घडलं नाही ते कसकसं घडलं नाही, एवढंच मी क्रमाने सांगतो.

मी घरून काम करतो. गावाच्या मते मी घरी असतो. या दोन वाक्यांतला फरक मी चार वर्षं समजावतो आहे. नागपूरच्या एका कंपनीसाठी मी दिवसभर संगणकावर बसून काहीतरी तपासतो. शेजारचे मुन्नालालजी खिडकीतून डोकावतात, मला बसलेला बघतात आणि आईला म्हणतात, "शकुंतलाबाई, लड़के को कुछ काम-धंदा देखो." मुन्नालालजी रेल्वेत केबिनमॅन होते. तीस वर्षं त्यांनी गाड्यांना झेंड्या दाखवल्या. रिटायर झाल्यावर गाड्या सुटल्या, पण झेंड्या त्यांच्याजवळच राहिल्या.

सुरुवात त्यांनीच केली. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सोसायटीची इमारत आहे, तिथे धान खरेदीचं केंद्र आहे. धान विकायचं तर आधी पोर्टलवर नोंदणी लागते, आणि नोंदणीला मोबाईल नंबर लागतो, कारण त्यावर ओटीपी येतो. मुन्नालालजींच्या सिमचा रिचार्ज संपून सहा महिने झाले होते. केंद्रावरची ऑपरेटर अंजू म्हणाली, "काका, चालू नंबर सांगा." मुन्नालालजी म्हणाले, "ओमेश का डाल दे. वो तो घरपेच रहता है."

एवढ्यावर थांबलं असतं तर हा परोपकार झाला असता. पण दुसऱ्या दिवसापासून 'ओमेशचा लाव' ही टोल्याची, म्हणजे आमच्या वस्तीची, पद्धतच पडली. धानाला माझा नंबर, गॅसला माझा नंबर, रेशनला माझा, पोरांच्या शिष्यवृत्तीला माझा. बासष्ट घरं. कोणाचं सिलेंडर निघालं, कोणाच्या म्हशीचा विमा उतरला, हे सरपंचाच्या आधी मला कळतं, तेही सहा अंकांत. कंपनीच्या मीटिंगमध्ये साहेब बोलत असताना माझ्या खिडकीतून हात आत येतो आणि हाताचा मालक म्हणतो, "आला का गा?" टोल्यातली लेकरं मला ओटीपीकाका म्हणतात. मी सव्वीस वर्षांचा आहे.

अशा माणसाला एकांताची भूक लागते. गावात एकांताला जागा एकच होती, ती म्हणजे तलावाचा मध्यभाग. तिथपर्यंत खिडकीतून कोणाचा हात पोचत नाही. म्हणून मी हवा भरायची कयाक, म्हणजे एका माणसापुरती होडी, मागवली.

कुरिअरवाल्याने ती अर्जुनी मोरगावच्या बसस्टँडजवळच्या पानठेल्यावर टाकली आणि फोन करून "आपके घर पे डिलिव्हर हो गया" असं सांगितलं. मी ती मोटारसायकलवर बांधून आणली. अंगणात सायकलच्या पंपाने हवा भरायला घेतली तेव्हा निम्मा टोला जमला. नारिंगी रंगाची, दोन्ही टोकांना चोच असलेली ती वस्तू जसजशी फुगत गेली तसतसे लोक गंभीर होत गेले.

"हे त ट्यूबच होय," एक जण म्हणाला.

"इसका ब्रेक किधर है?" मुन्नालालजींनी विचारलं.

"ब्रेक नसतो काका. वल्हं उलटं मारायचं."

"बिना ब्रेक की गाड़ी, और गार्ड भी नहीं." त्यांनी मान हलवली. "लाइन क्लिअर किससे लिया?"

परवानगीचा हा प्रश्न मला हसण्यावारी न्यायचा होता, पण तोच नेमका निघाला. तलाव माजी मालगुजारी, म्हणजे आमच्या भाषेत मामा तलाव. ग्रामपंचायत म्हणाली, तलाव आमच्या हद्दीत आहे पण पाणी आमचं नाही. पाटबंधाऱ्याच्या कार्यालयात साहेब म्हणाले, पाणी आमचं आहे पण पाण्यावरचं आमचं नाही. पाण्याच्या आतलं कोणाचं हे मासेमारांच्या सोसायटीला विचारा. मी म्हटलं, मला आत जायचंच नाही, वरूनच जायचं आहे. साहेब म्हणाले, "सुरुवातीला सगळे असंच म्हणतात." साहेबांना भविष्य दिसत होतं असं आता वाटतं.

मासेमार सोसायटीचे सचिव यादोराव. त्यांच्याकडे पिवळं पडलेलं एक रजिस्टर होतं.

"पान्यात उतरते तो ढिवर, नाही त म्हैस," ते म्हणाले. "तिसरा रकाना नाही बाप्पा आमच्या रजिस्टरात."

"मग मला कशात घालता?"

यादोरावांनी रजिस्टराची पानं मागेपुढे उलटून बघितली. शेवटी त्यांनी मला सभासदांच्या रकान्यात घातलं, आणि मी त्याबद्दल अजून त्यांचा आभारी आहे. नाव: ओमेश. जाळं: नाही. गळ: नाही. पकडलेली मासोळी: निरंक. दर सोमवारी हे निरंक सहीनिशी कळवायचं. आणि एक अट. तलावाच्या पलीकडच्या अंगाला सिंगाड्याचे वेल आहेत, तिथे शिरायचं नाही. "काटे असतेत," यादोराव म्हणाले. "सिंगाड्याले दोन अन् तुह्या ट्यूबले एकही नाही. जितन कोन?"

सरकार संपलं, मग आई उरली. आईची अट सरळ होती. "जा. पन फोन लागला पायजे. बासष्ट घरचं सरकार तुह्या खिशात हाय. ते घेऊन डुबशील त मी कोनाकोनाले तोंड दाखवू?"

मी डुबेन याचं तिला फार काही नव्हतं, हे मी तेव्हाच टिपून ठेवलं.

फोन पाण्यात नेणं शक्य नव्हतं, म्हणून गोंदियाला जाऊन मी स्मार्टवॉच आणलं. साधं नाही, सिमवालं. फोनमधलं सिम काढायचं आणि घड्याळात घालायचं. फोन घरी, नंबर मनगटावर. घड्याळ इतकं मोठं होतं की ते मी बांधलंय की त्याने मला बांधलंय हे लांबून कळत नव्हतं. दुकानदाराला विचारलं, वॉटरप्रूफ आहे ना? तो म्हणाला, "एकदम वॉटरप्रूफ है भैया. बस पानी में मत ले जाना."

आता रुख्माबाई. त्या आमच्या डाव्या हाताच्या शेजारी. एकट्या राहतात, एकट्याच शेती करतात. यंदाचं त्यांचं सगळं धान अंगणात ताडपत्रीखाली पडलं होतं आणि टोल्यातल्या बासष्ट घरांपैकी फक्त त्यांचीच नोंदणी अडली होती. अडली होती ती फोटोपाशी. पोर्टलला शेतकऱ्याचा जिवंत फोटो लागतो. माणूस जिवंत आहे हे कळावं म्हणून मशीन सांगतं, डोळे मिचकावा.

"कोनाले?" रुख्माबाईंनी विचारलं.

"कॅमेऱ्याले, काकू," अंजू म्हणाली.

"माह्या नवऱ्याले नाही मिचकावले जिंदगीत, अन् सरकारले मिचकावू?"

त्या कॅमेऱ्याकडे अशा बघत राहिल्या की कॅमेराच आधी खाली बघेल असं वाटलं. पोर्टलने लाल अक्षरात लिहिलं: जिवंत व्यक्ती आढळली नाही. असे तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी रुख्माबाई म्हणाल्या, "एक थापड देतो मशीनीले, मंग समजन जित्ती हाय का मेली."

हे सगळं होत असताना भुपेंद्रशेठ रोज त्यांच्या अंगणात येऊन जायचे. भुपेंद्रशेठ म्हणजे धानाचे व्यापारी. ताडपत्री उचलायची, चार दाणे दाताखाली धरायचे आणि म्हणायचं, "ओलं आहे बाई." कडकडीत वाळलेलं धान त्यांच्या तोंडात गेलं की ओलं व्हायचं. "मुदत संपू द्या. मग भाव मी सांगतो." तो भाव ऐकून रुख्माबाईंनी त्यांना जे सांगितलं ते इथे लिहिता येत नाही. पण त्यांच्या घरी धान ठेवायला खोली नव्हती, हे शेठला माहीत होतं आणि शेठला माहीत आहे हे रुख्माबाईंनाही.

मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला. सकाळपासून पोर्टल बंद. अंजू म्हणाली, "आज काही होत नाही. मुदत वाढन." आमच्याकडे सूर्य उगवतो, धान पिकतं आणि मुदत वाढते, यावर कोणी शंका घेत नाही. मी रुख्माबाईंकडे जाऊन मनगट वर केलं.

"काकू, चालू झालंच तर काळजी नको. मी कुठंही असलो तरी ओटीपी इथं येते."

"अन् तू कुठी असशील?"

"तलावात."

त्यांनी एकदा घड्याळाकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. "दोन पोरं शिकवले असते एवढ्या पैशात," असं काहीतरी त्या पुटपुटल्या.

दुपारी तीनला मी लाइफ जॅकेट घालून कयाक पाण्यात सोडली. पहिली दहा मिनिटं स्वर्गीय होती. मागे पाळ लहान होत गेली, लोक लहान होत गेले, मी मोठा होत गेलो. मग वारा सुटला. हवा भरलेल्या वस्तूवर हवेचा हक्क जास्त असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी उजवीकडे वल्हवत होतो आणि डावीकडे जात होतो. वल्ह्याचं निम्मं पाणी तलावात आणि निम्मं माझ्या अंगावर पडत होतं. थोड्या वेळाने कयाक आपोआप थांबली. मी खाली बघितलं तर चोहीकडे सिंगाडा. यादोरावांची एकुलती एक अट मी मागे तोंड करून मोडली होती.

आणि मनगट थरथरलं.

पाळीवर काय झालं ते मला नंतर निदान चाळीस जणांनी सांगितलं. त्यातलं जुळणारं तेवढं देतो. साडेतीनला पोर्टल अचानक चालू झालं. रुख्माबाई धावत आल्या. कॅमेऱ्यासमोर बसल्या, रोखून बघायला लागल्या, तेवढ्यात बाहेर कोणीतरी धान उफणायला घेतलं आणि कोंड्याचा लोट आत आला. रुख्माबाईंचे डोळे मिटले आणि उघडले. पोर्टल म्हणालं, जिवंत. अंजूने देवाचं नाव घेऊन ओटीपीचं बटण दाबलं. दहा मिनिटांची मुदत.

घड्याळावर मेसेज आला होता. "प्रिय शेतकरी बंधू/भगिनी, धान खरेदी योजनेअंतर्गत आपल्या नोंदणीच्या पडताळणीकरिता आपण केलेल्या विनंतीस अनुसरून आपणास कळविण्यात येते की, आपला…"

इथे पडदा संपत होता. सरकारची सभ्यता हीच आपली अडचण आहे. कोणी उर्मट माणूस असता तर त्याने आधी आकडे सांगितले असते.

मी बोटाने मेसेज वर सरकवला. ओल्या बोटाने घड्याळात प्राणायाम चालू झाला. "दीर्घ श्वास घ्या," घड्याळ म्हणालं. मी बोट शर्टाला पुसलं. शर्ट बोटापेक्षा ओला होता. पुन्हा बोट लावलं. "अभिनंदन, आज आपण अकरा पावलं चाललात." तेवढ्यात अंजूचा फोन आला. पडद्यावरच्या एका थेंबाने तो माझ्या आधी उचलला.

"हॅलो, ओमेशभाऊ? ओटीपी सांगा लवकर. हॅलो? हॅलो?"

मला सगळं ऐकू येत होतं. तिला काहीच जात नव्हतं, कारण बोलायच्या छिद्रात तलाव शिरला होता. "पानी गुडगुडून राहिलं फक्त," असं ती कोणाला तरी म्हणाली आणि फोन ठेवला. मला उलट फोन करायचा तर सगळे नंबर राहिले होते घरच्या फोनमध्ये. पाठ असलेला नंबर जगात एकच होता. तो लावला. "आपण ज्या क्रमांकाशी संपर्क साधू इच्छिता तो व्यस्त आहे." साहजिक आहे. तो माझाच होता.

माणसाच्या अंगावर कोरडी जागा कुठे उरते याचा मी शांतपणे विचार केला. नाक. मी मनगट तोंडाजवळ आणलं आणि नाकाने मेसेज सरकवला. पाळीवरून ते दृश्य असं दिसलं की ओमेश हातावर डोकं टेकवून रडून राहिला. आईने तिथेच कपाळावर हात मारला. पण नाकाने काम केलं. शेवटची ओळ आली: ४०७००२.

मी ते तीनदा मोठ्याने म्हटलं, आणि तेवढ्यात घड्याळाच्या पडद्यावर एक पांढरी रेघ आली, मग हिरवी, मग काहीच नाही. नंबर आता फक्त माझ्या डोक्यात होता आणि मी पाळीपासून निदान अर्धा किलोमीटर. वारा तोंडावर. ओरडलो तर माझं ओरडणं मलाच परत येत होतं.

पाळीवर मला एक ठिपका दिसला. तो हिरवा झाला. मग लाल. मुन्नालालजी घरून झेंड्या घेऊन आले होते.

तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना इतका महत्त्वाचा सिग्नल मिळाला नसेल, असं त्यांचा पवित्रा बघून वाटलं. मी वल्हं उभं धरून चार वेळा वर केलं. मागे अख्खा टोला उभा होता. एक, दोन, तीन, चार असा मोजण्याचा गजर पुसटसा माझ्यापर्यंत आला. हिरवी झेंडी. पोचलं! रुख्माबाई पाळीच्या मध्ये उभ्या होत्या; त्यांनी केंद्राच्या दाराकडे तोंड करून आरोळी दिली, "चाSSर! लिव अंजू!"

दुसरा आकडा शून्य होता.

शून्याचा शोध आपल्या लोकांनी लावला म्हणतात. पण तो वल्ह्याने कसा दाखवायचा हे कोणी सांगून ठेवलेलं नाही. मी आधी काहीच केलं नाही, कारण शून्य म्हणजे काहीच नाही. पण काहीच न करणारा ओमेश टोल्याला रोज खिडकीतून दिसतो. त्यात कोणाला आकडा दिसला नाही. लाल झेंडी. मी वल्हं आडवं केलं. लाल झेंडी. मग मला सुचलं की दोन्ही हात डोक्यावर नेऊन गोल करावा, आणि तो लांबून दिसावा म्हणून मी उभा राहिलो.

हवेच्या कयाकमध्ये उभं राहू नये.

पाण्याखाली मला एवढंच आठवतं की डिसेंबरचं पाणी कानात शिरताना आवाज करतं. वर पाळीवर आईने हंबरडा फोडला, "अवो, डुबला ना माहा पोट्टा!"

"शकुंतलाबाई, लाइन पे मत आओ!" मुन्नालालजी गरजले. "सिग्नल चालू है."

आणि पाण्याकडे बोट दाखवून रुख्माबाई म्हणाल्या, "दिसून राहिला का तो? नाही ना? वल्हं नाही, मानूस नाही, काहीच नाही. काहीच नाही म्हंजे शून्य. लिव अंजू, शून्य!"

मी लाइफ जॅकेटच्या कृपेने वर आलो तेव्हा हिरवी झेंडी जोरजोरात हलत होती. मला क्षणभर कळेना की कशाचं अभिनंदन चाललं आहे. कळलं तेव्हा आनंद झाला, आणि लगेच पुढचे आकडे आठवले. सात, शून्य, शून्य, दोन. म्हणजे अजून दोनदा बुडायचं होतं, आणि आता मनाने.

पाय खाली लागले होते. पाणी छातीइतकंच होतं. हे बरं की वाईट हे ठरवायला वेळ नव्हता, कारण खाली गुडघाभर गाळ होता, भोवती वेल होते आणि प्रत्येक सिंगाड्याला दोन काटे होते. शेजारी कयाक 'सूंऽऽ' असा आवाज करत लहान होत चालली होती. चालत निघालो असतो तर ओटीपीच काय, पुढची निवडणूक संपली असती. मी वल्हं धरलं आणि सात वेळा वर केलं. हिरवी. मग लाइफ जॅकेट काढलं, कारण ते शून्य होऊ देत नव्हतं. नाक धरलं आणि खाली गेलो. पाच मोजले, वर आलो. हिरवी. पुन्हा नाक धरलं, पुन्हा खाली, पुन्हा वर.

झेंडी नाही. हिरवी नाही, लाल नाही. पाळीवर भांडण लागलं होतं.

भुपेंद्रशेठ तोवर मोटारसायकलवर बसून शेंगदाणे खात होते. त्यांनी तोंड उघडलं. "हा तोच शून्य आहे. पोट्टा मधात श्वास घ्याले वर आला. एकच धरा."

"शेठ बरोबर बोलून राहिले," कोणीतरी म्हणालं.

"दोन होत!" रुख्माबाई म्हणाल्या.

"एक!"

यादोरावांनी तांत्रिक मत दिलं की पाणकोंबडी डुबते तेव्हा दर डुबीला वेगळी मोजतात, पण ओमेश सभासद असला तरी पाणकोंबडीच्या रकान्यात नाही. अंजू आतून ओरडली, "दोन मिनिटं राहिले!" मुन्नालालजींनी दोन्ही झेंड्या एकमेकींवर धरून मला विचारलं, दुबारा? आणि मी छातीपर्यंत पाण्यात कुडकुडत उभा होतो. पुन्हा बुडालो असतो तर तिसरा शून्य झाला असता. नाही बुडालो तर एकच राहणार होता. आयुष्यात इतका पेच मला कधी पडला नव्हता. आणि ताडपत्रीखालचं सगळं धान त्या एका शून्यावर अडकलं होतं.

निकाल आईने दिला.

"माहा पोट्टा हाय, मले विचारा," ती पुढे येऊन म्हणाली. "पयल्यांदा पडला, तवा हात वर होते. मंग दोनदा नाक धरून गेला. श्वासासाठी वर येनारा मानूस परत जाताना नाक धरत नाही. जेवढ्यांदा नाक, तेवढे शून्य."

कोर्टात टिकेल असा युक्तिवाद होता. मुन्नालालजींनी हिरवी झेंडी उचलली. मी घाईघाईने वल्हं दोनदा वर केलं. दुसऱ्यांदा त्याच्यासोबत हातभर वेलही वर आला, त्याचा कोणी हिशेब धरला नाही. "दोSSन!" रुख्माबाईंचा आवाज वाऱ्यासोबत माझ्यापर्यंत पोचला. मग बराच वेळ काहीच नाही. मग पाळीवरचे सगळे ठिपके एकदम उड्या मारायला लागले आणि एक ठिपका किक न लागलेली मोटारसायकल ढकलत नेताना दिसला.

मला काठावर यायला पाऊण तास लागला. काट्यांचा तपशील मी देत नाही. बसताना अजून विचार करावा लागतो एवढं पुरे. काठावर रुख्माबाई उभ्या होत्या. त्यांनी पदराने माझं डोकं खसाखसा पुसलं, राखेने भांडं घासावं तसं. काहीतरी भावपूर्ण बोलतील म्हणून मी थांबलो.

"ओम्या," त्या म्हणाल्या, "एवढा कायले डुबला गा? अंजू सांगून राहिली, तिनं 'पुन्हा पाठवा' दाबलं असतं त दुसरा नंबर आला असता. त्यात शून्य नसते निंगाले कदाचित."

मी अंजूकडे बघितलं. अंजूने कीबोर्डकडे बघितलं.

"अन् तुम्ही तवा काऊन नाही सांगतलं?" मी विचारलं.

"तू रंगात आला होता," रुख्माबाई म्हणाल्या. पण त्यांचा पदर अजून माझ्या डोक्यावरच होता, आणि घासणं थांबून नुसताच ठेवलेला होता. थोड्या वेळाने त्यांनी तो काढला, ताडपत्रीच्या दोऱ्या आवळायला निघून गेल्या, आणि दोऱ्या आवळताना त्या गुणगुणत होत्या हे मी ऐकलं. रुख्माबाई गुणगुणतात हे टोल्यात कोणालाच माहीत नव्हतं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण संध्याकाळी अंजू घरी आली आणि म्हणाली की नोंदणीचा ओटीपी झाला, आता काट्यावर धान मोजायच्या दिवशी दुसरा ओटीपी येईल. त्याच नंबरवर. बासष्टही घरांचा.

मी म्हटलं, हरकत नाही, सिम घड्याळातून काढून परत फोनमध्ये घातलं आहे, खिडकीत बसून सांगतो. यावर टोल्यात बैठक झाली. मुन्नालालजी म्हणाले, "जो सिस्टम चालू है उसको छेड़ना नहीं." फोनवर सांगितलेले ओटीपी आजवर कितीदा तरी चुकले, तलावातून आलेला एकही चुकला नाही, हे सगळ्यांना पटलं. बोटीची गरज नाही, म्हणजे ग्रामपंचायतीचा ठरावही मोडत नाही. पाणी छातीइतकंच आहे हे आता गावाला माहीत झालं आहे. मोजणीच्या दिवशी सकाळी दहाला मी फोन प्लास्टिकच्या थैलीत बांधून सिंगाड्याच्या अलीकडे हजर राहायचं आहे. यादोरावांनी रजिस्टरात तशी नोंदही केली आहे.

बासष्ट ओटीपी, प्रत्येकात सहा आकडे. मी गणित करून बघितलं आणि मग टेबलाशी बसून हा अर्ज लिहिला. टपालाने पाठवला आहे. पोच अजून आलेली नाही.

प्रति,
मा. सक्षम प्राधिकारी (ओटीपी),
संबंधित कार्यालय.

विषय : मौजा बोडीटोला, तालुका अर्जुनी मोरगाव, येथील शेतकऱ्यांच्या ओटीपीमधून शून्य हा अंक वगळण्याबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, सदर गावी निर्गमित होणाऱ्या ओटीपीमध्ये शून्य हा अंक वापरण्यात येऊ नये. तो वापरणे अपरिहार्य असल्यास उन्हाळ्यात वापरावा. कोणत्याही परिस्थितीत दोन शून्ये लागोपाठ देण्यात येऊ नयेत. दिल्यास दोहोंच्या मध्ये अर्जदारास श्वास घेण्याइतका अवधी शासन निर्णयाद्वारे मंजूर करण्यात यावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
ओमेश
(अर्जदार अद्याप पाण्याबाहेर आहे.)